वांग्यावरचे ठिपके

सांगली

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

वांग्यावर ठिपक्यांचे किडे दिसले म्हणून तू पंप काढलास, असं लिहिलंस. जरा थांब. आधी एक किडा हातावर घे. पाठ तुळतुळीत, पिवळी-नारिंगी आणि वर काळ्या नागमोडी रेघा असतील, तर तो ढालकिडा, मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारा. पाठ मळकट तांबूस, बारीक लव आणि २८ ठिपके असले, तर तो हड्डा भुंगेरा. कूळ दोघांचं एकच, पण हा पानाचा हिरवा भाग खरवडतो आणि मागे नुसती जाळी ठेवतो. अंड्यांवरून मात्र ओळखायला जाऊ नकोस. दोघांचीही पिवळी, उभी, पुंजक्यानं घातलेली असतात.

खरी चूक अळीपाशी होते. ढालकिड्याची अळी काळपट, लांबुळकी, अंगावर फिकट डाग. बघितली की इवलीशी मगरच वाटते. लोक तीच आधी चिरडतात, आणि मावा तर तीच फस्त करत असते! हड्ड्याची अळी पिवळी, काटेरी. पानाला चिकटलेले ढालकिड्याचे कोषही खुडू नकोस. कोषातून नुकताच निघालेला किडा फिका पिवळा, बिनरेघांचा असतो. रंग काही तासांनी चढतो. तो भडकपणा पक्ष्यांना इशारा म्हणून आहे. चिमटीत धरलास तर पायांच्या सांध्यांतून पिवळा कडू रस सोडतो.

हड्डा सकाळी सुस्त असतो, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाक. अंड्यांचं पान जाळीदार असेल तरच खुड. फारच झाला तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, फडक्यानं गाळ, चिमूटभर साबण घाल आणि संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवार. नीट गाळला नाहीस तर नोझल तुंबतं.

मावा असूनही ढालकिडे टिकत नसतील, तर खोडावर मुंग्या बघ. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात. कडेला चार ओळी चवळी लाव. तिच्यावरच्या काळ्या माव्यावर ढालकिडे पोसतात, तिला फवारू नकोस. थोडी कोथिंबीर फुलू दे, सिरफिड माशी येते. तिच्या अळ्याही मावाच खातात.

२००२ साली आपल्या जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हाही डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनीच तो आवरला होता, हे तुला माहीतच आहे.

पानं जाळीदार आहेत का, तेवढं कळव.

तुझा मित्र