काका, गाणं कुठलं लावू?

महोदय,

कालच्या अंकातला उदारीकरणावरचा लेख वाचला. १९९१ नंतर सरकारने एकेका क्षेत्रातून अंग काढून घेतलं आणि माध्यमंही ‘आपसूक’ मोकळी झाली, असं लेखकमहाशय म्हणतात. आपसूक? १९९३च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला विकले, तर दूरदर्शन आडवं पडलं, कस्टम्सने त्या कंपनीची यंत्रं अडकवून ठेवली. प्रसारणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, हे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. दूरदर्शन-आकाशवाणीला स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९०चा, लागू झाला १९९७ला. मधली सात वर्षं बहुधा मुहूर्त सापडत नसावा.

पण माझं दुखणं रेडिओचं आहे. २२ ऑक्टोबर २००९, विधानसभेची मतमोजणी. घरात वीज नाही, टीव्ही बंद. ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचं बातमीपत्र यायला अवकाश होता, म्हणून खासगी एफएम लावलं. तिथे फर्माइशींचा कार्यक्रम जोरात. मी घरच्या फोनवरून नंबर फिरवला, लागलाही. म्हटलं, ‘बाळा, आमच्या मतदारसंघात कोण पुढे आहे?’ पोरगा क्षणभर गप्प. मग म्हणाला, ‘काका, बातम्या आम्हाला सांगता येत नाहीत. गाणं कुठलं लावू?’ त्याचा काय दोष! परवान्यातच तशी अट. त्याच्यासमोर टीव्ही चालू होता, मागून मला आकडे ऐकू येत होते!

२०११च्या एफएम धोरणात सरकार उदार झालं: आकाशवाणीचं बातमीपत्र खासगी वाहिन्यांनी जसंच्या तसं ऐकवायला हरकत नाही. स्वतःची बातमी मात्र नाही. दूरसंचार नियामकाने २०२३मध्ये खासगी एफएमना तासाला जास्तीत जास्त दहा मिनिटं बातम्या देऊ द्या अशी शिफारस केली, ती केली तेवढीच. टीव्हीवर शेकडो वाहिन्या रात्रंदिवस घसा फोडतात ते चालतं, पण दहा मिनिटांच्या रेडिओ-बातमीने देश धोक्यात येतो. हे गणित आपल्या लेखकांनी एकदा सोडवून दाखवावं. विद्वान आहेत, जमेल त्यांना.

जाता जाता, लेख सातव्या पानावर होता. पहिलं पान अख्खं सरकारी योजनेच्या जाहिरातीने व्यापलेलं, बातम्या शोधायला पान उलटावं लागलं. जागा आपली, दर आपला, मी बोलणारा कोण? फक्त माझं मागचं पत्र ‘जागेअभावी’ निम्मं कापलं होतं, म्हणून आठवलं.

– आपला एक जुना वाचक