सदस्यांसाठी सूचना : अनुभव सांगताना आणि ऐकताना

सर्व सदस्यांना विनंती आहे की, आपल्या आधारगटात बोलताना आघाताचे (मनाला खोल धक्का देणाऱ्या घटनेचे) सविस्तर वर्णन टाळून त्याचा आज होणारा परिणाम सांगावा, कारण तपशील ऐकून दुसऱ्याच्या जुन्या आठवणी अचानक उसळू शकतात. तसे झाल्यास डोळे उघडे ठेवून भोवतालच्या ५ दिसणाऱ्या, ४ स्पर्शाला जाणवणाऱ्या आणि ३ ऐकू येणाऱ्या गोष्टी मनात मोजाव्यात, किंवा श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. संथ उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. मात्र काहींना श्वासावर लक्ष दिल्यानेच अधिक घाबरल्यासारखे होते (यात त्यांचे काही चुकत नाही). त्यांनी तळपाय जमिनीवर घट्ट टेकवावेत. न विचारता सल्ला देऊ नये. आत्महत्येचे विचार येत असल्यास गटाच्या उत्तराची वाट न पाहता तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.