हवामानबदलाचा धडा बळ्ळारी नाल्यापासून सुरू करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर पर्यावरण हा विषय शिकवावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच दिला होता. विषय शिकवला जातो. परंतु हवामानबदल म्हटले की वर्गातील बोलणे अजूनही वितळणाऱ्या हिमनद्या आणि बुडणारी बेटे यांपलीकडे फारसे सरकत नाही. ज्या मुलांनी ऑगस्ट 2019 मध्ये घटप्रभा, मलप्रभा आणि वेदगंगा-दूधगंगेचा महापूर पाहिला आणि 2023 मध्ये कर्नाटकातील बहुतांश तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झालेले ऐकले, त्यांना उदाहरणांसाठी इतक्या दूर नेण्याचे कारण नाही.

आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि अथणीकडे तो काही शे मिलिमीटरवरच थांबतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते आणि त्यामुळे थोड्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस वाढतो, हे आठवीतल्या मुलाला जिल्ह्याच्या नकाशावरच समजावता येईल.

मात्र सगळे खापर हवामानबदलावर फोडण्याचीही सवय मुलांना लावू नये. बेळगावलगतच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी पसरते, भाताची कोवळी रोपे पाण्याखाली राहून कुजतात आणि शेतकऱ्याला पुन्हा नट्टी (रोपांची लावणी) करावी लागते. यात जोरदार पावसाचा वाटा आहे, तसाच नाल्यात साचलेल्या गाळाचा आणि अतिक्रमणांचाही आहे. नदीकाठच्या गावांत धरणातून पाणी केव्हा व किती सोडले, हा प्रश्न त्यात भरीला असतो. ही कारणे एकमेकांपासून वेगळी काढता येणे, हीच या विषयाची खरी परीक्षा. घोकंपट्टीत ती बसत नाही, म्हणूनच बहुधा टाळली जाते.

कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीपर्यंत बसवलेली आहेत. शिक्षण खात्याने त्यांच्या नोंदी सीमाभागातील शाळांना नियमित द्याव्यात, मराठी माध्यमाच्या शिक्षकांना त्या वाचण्याचे प्रशिक्षण मराठीतून द्यावे आणि पावसाळ्यापूर्वी निदान नदीकाठच्या शाळांपासून तरी याची सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वडगाव, बेळगाव