उपयोग संपला असे वाटते तेव्हा : आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबा म्हणाले, “आता माझा कुणाला काय उपयोग?” आणि फोन तुझ्या हाती आल्यावर, आई, तू हळूच सांगितलेस की जपाला बसतेस खरी, पण मन पूर्वीसारखे लागत नाही. या दोन्ही गोष्टींना फोनवर उत्तर देणे मला जमले नसते, आणि घाईघाईने दिलेला धीर तुम्हा दोघांनाही खपत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, आधी तुमचे. कचेरीतली जबाबदारी, आमची शिक्षणे, नातेवाइकांची अडलेली कामे यांवरून तुम्ही स्वतःला जोखत आलात, कारण या सगळ्याचे फळ डोळ्यांना दिसत असे. ते दिसेनासे झाल्यावर जगण्याचे प्रयोजनच सरले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रयोजन फळाला बांधलेले असते, असे तुमच्या श्रद्धेने तुम्हाला कधी सांगितले होते? गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्माचा आणि फळाचा श्लोक तुम्हीच आमच्याकडून तोंडपाठ करून घेतलात. मला मात्र हल्ली नवव्या अध्यायातला सव्विसावा श्लोक अधिक जवळचा वाटतो. पान, फूल, फळ किंवा नुसते पाणी, यांतले काहीही चालेल, फक्त ते भक्तीने दिलेले असावे, एवढीच अट भगवंताने त्यात घातली आहे. देणाऱ्याचे वय किती, अंगात बळ किती, मिळकत किती, याची चौकशी तिथे नाही.

1932 साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते आणि बाहेरची सारी कामे हातातून सुटलेली होती. तेथे त्यांनी दर रविवारी सोबतच्या कैद्यांना गीता समजावून सांगितली, साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली आणि ती आजही वाचली जातात. तुम्ही प्रवचने द्यावीत असे मी सुचवत नाही (तुम्ही ती आनंदाने द्याल, आणि आई सर्वांत आधी उठून जाईल). सांगायचे एवढेच की, भिंतींच्या आत जे उरले होते त्याकडे त्यांनी काम म्हणून पाहिले. तुमच्यापाशी उरलेल्या गोष्टीही काही थोड्या नाहीत. कुणाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतका वेळ आम्हा धावणाऱ्यांपैकी एकाकडेही नाही; तो तुमच्याकडे आहे. एकट्या पडलेल्या जुन्या मित्राला फोन करणे, रागावून दूर गेलेल्या माणसाशी पहिला शब्द बोलणे आणि रोज सकाळी एकेकाचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करणे, ही माझ्या मते पूर्णवेळ कामे आहेत. आणखी एक काम तुम्हाला जड जाईल, तरी लिहिते: दुसऱ्याची मदत संकोच न करता घेणे. तुम्ही आधाराला कुणाचा हात धरता तेव्हा त्या माणसालाही सेवेची संधी मिळते, आणि आयुष्यभर देत आलेल्या माणसाला घेण्याची ही साधना वयाच्या या टप्प्यावरच करता येते.

सामूहिक प्रार्थनेला जाणे तुम्ही सोडले आहे, ते मात्र शक्य होईल तसे पुन्हा सुरू करावे. अमेरिकेतील सत्तर हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घ पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. धार्मिक उपासनेला आठवड्यातून एकाहून अधिक वेळा जाणाऱ्या स्त्रियांचे सोळा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, 33 टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. शिवाय आयुष्य वाढावे म्हणून देवाकडे जाणे हा मला व्यवहार वाटतो. तरीही श्रद्धा एकट्याने वाहून नेण्याची गोष्ट नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आता आई, तुझ्याविषयी, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. मन लागत नाही याचा अर्थ श्रद्धा आटली, असा निष्कर्ष तू परस्पर काढून टाकला आहेस. मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला; कारण ज्या काळात जग त्यांच्याकडे श्रद्धेचा आदर्श म्हणून पाहत होते, त्याच काळात, कित्येक दशके, त्यांना आतून देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, असे त्या पत्रांतून दिसले. त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि मरणाऱ्यांच्या उशाशी बसणेही सोडले नाही. मला त्यांची श्रद्धा त्या पत्रांमुळे अधिक खरी वाटते. आपले तुकोबा तर विठ्ठलाशी उघड भांडतात, त्याला जाब विचारतात. सन 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पत्नी अन्नावाचून गेली आणि व्यापार बुडाला. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ असे त्यांनी म्हटले, पण ते दुःख नाकारून नव्हे. त्या आपत्तीने हाती फक्त देवाचे चिंतन उरले, हे ओळखून. ज्या आनंदाविषयी ते पुढे इतक्या भरभरून बोलतात तो या वाटेने आलेला आहे, आणि म्हणूनच परिस्थिती बिघडली तरी तो टिकतो यावर माझा विश्वास बसतो. एरवी सुखी माणसाने सांगितलेला आनंद मी फारसा मनावर घेत नाही.

म्हणून, आई, जपाला बसल्यावर काही जाणवले की नाही, हे रोज तपासणे तू थांबवावेस असे मला वाटते. नाते आहे म्हणून आपण माणसांजवळ बसतो, दर वेळी गहिवर येतो म्हणून नाही. दीर्घ जप होत नसेल तर थोडा कर. शब्द सुचत नसतील तर गप्प बस. तक्रार असेल तर ती कर. तिघांचीही गणना उपासनेतच होते.

मृत्यूचा विषय आपण तिघेही टाळतो, तो मी पूर्णपणे टाळणार नाही. पुढे काय आहे हे मला सांगता येत नाही. पण आशा म्हणजे तब्येत सुधारेल आणि सगळे मनासारखे होईल असे स्वतःला बजावत राहणे नव्हे. तसे झाले नाही तरी आपण सोडून दिलेलो नाही, आपल्याला धरणारा कोणी आहे, हा भरवसा म्हणजे आशा. हा भरवसा मी तुमच्या दोघांच्याच वागण्यातून शिकले, उपदेशातून कमी.

बाबा, तुमच्या सकाळच्या यादीत पहिले नाव तुमच्या नातीचे घाला. ती नोकरीच्या निकालाची वाट पाहते आहे आणि मला काहीच सांगत नाही. तुम्हाला कदाचित सांगेल. तिला रविवारी दुपारी फोन करा, त्या वेळी ती घरी असते.

तुमची,
लेक