लॅटिन कविता अन्वयासह छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत रोमन कवी होरेसच्या कवितांचा मराठी अनुवाद वाचला. लॅटिन कवी मराठीत येतो आहे याचा मनापासून आनंद झाला, म्हणूनच एक मागणी करतो. नुसता अनुवाद देऊ नका. मेघदूताच्या अभ्यासाच्या आवृत्त्यांत मूळ श्लोक, अन्वय (म्हणजे गद्याच्या क्रमाने लावलेले शब्द) आणि अर्थ असतो, तसेच इथेही द्या.

कारण होरेसची निम्मी कविता शब्दांच्या जागेत असते. पिऱ्हा नावाच्या तरुणीला उद्देशून त्याने लिहिलेल्या कवितेची पहिलीच ओळ पाहा: 'क्विस मुल्ता ग्राकिलिस ते पुएर इन रोसा'. शब्द आहेत त्या क्रमाने घेतले तर 'कोण, पुष्कळ, सडपातळ, तुला, पोरगा, गुलाबांत'. 'पुष्कळ' हे विशेषण गुलाबांचे आणि 'सडपातळ' पोरग्याचे, हे विभक्तीवरून कळते. म्हणजे दोन्ही बाजूंना गुलाब, त्यांच्या आत तो पोरगा आणि मधोमध ती. 'बिलगतो' हे क्रियापद पुढच्या ओळीत येते, पण मिठी आधीच पडलेली असते! इंग्रजीत विशेषण नामाला धरूनच ठेवावे लागते, त्यामुळे इंग्रजीवरून केलेल्या मराठी अनुवादात यातले काहीच उरत नाही. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावलेल्या वाचकाला मात्र हे चटकन दिसेल.

वृत्ताचेही तेच. अभिजात लॅटिन वृत्ते लघु-गुरूंवर चालतात, इंग्रजीसारखी आघातांवर नाही. होरेसच्या आवडत्या सॅफिक (ग्रीक कवयित्री सॅफोच्या नावाच्या) कडव्यातील मोठी ओळ अकरा अक्षरांची. तिचे गण पाडले तर र त ज ग ग. आपली इंद्रवज्रा त त ज ग ग. फरक काय, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरांतील लघु-गुरूंची अदलाबदल, बाकी ओळ जशीच्या तशी! ज्याने शाळेत गण पाडले आहेत, त्याला ही ओळ म्हणायला शिकवावे लागणार नाही. रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याचे वृत्तही चार-चार मात्रांच्या सहा गणांचे आहे.

जेम्स लोब यांनी १९११ साली सुरू केलेल्या ग्रंथमालेत डाव्या पानावर मूळ लॅटिन आणि उजव्या पानावर इंग्रजी असते. त्या लाल पुस्तकांचे उपकार मोठे आहेत, पण लॅटिन न येणारा वाचक उजव्या पानावरच थांबतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या युवराजासाठी तयार झालेल्या आवृत्त्यांत पद्याखाली सोप्या लॅटिन गद्यात तोच मजकूर मांडलेला असे. राजपुत्राला जी सोय लागली, ती आपल्याला का नको?

मराठीच्या देवनागरीत ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' लिहिण्याची सोय नाही, तेव्हा मूळ ओळीवर लघु-गुरूच्या खुणा द्याव्या लागतील. तेवढे कष्ट घ्यावेत. सुरुवात रोमन कवी कॅटलसच्या प्रेम आणि द्वेष एकदम वाटण्यावरच्या दोन ओळींच्या कवितेने करता येईल. तिच्यात चौदा शब्द आहेत. त्यांतली आठ क्रियापदे, नाम एकही नाही. मूळ, अन्वय, शब्दार्थ आणि दोन वेगवेगळ्या अनुवादकांचे अनुवाद, एवढे सगळे तुमच्या अर्ध्या स्तंभात मावेल.

– एक वाचक, सातारा