ही रांग जेवते काय?

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

दिवाळी अंक आज हातात पडला. हे पत्र मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय, कारण माझी चूकही चारचौघांतच छापली जाणार होती.

अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच्या पूर्व आफ्रिकेतल्या १९०९ सालच्या शिकारी सफारीवरच्या माझ्या लेखाचा पहिला खर्डा आठवतो? पानभर बंदुका, दोन पानं सिंह आणि हमालांना एक ओळ: ‘मागून दोनशेच्या वर हमालांची रांग चालत होती.’ तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, “ही रांग जेवते काय?”

मग वर्तमानपत्राच्या कडेला तुम्ही हिशोब मांडलात. एका हमालाचं ओझं ६० पौंड, म्हणजे २७ किलो. त्याचा रोजचा पोशो, म्हणजे मक्याचं पीठ, दीड पौंड. २०० माणसं धरली तर रोज ३०० पौंड, पाच ओझी. महिन्याला १५० ओझी! दोनशेतल्या दीडशे जणांनी नुसतं पीठच वाहिलं, तर तंबू, काडतुसं आणि साहेबाचं आंघोळीचं टब कोण उचलणार? मी गप्पच. म्हणून बैलगाड्या, म्हणून वाटेत धान्यखरेदी, आणि म्हणूनच मारलेल्या जनावराचं मांस हमालांच्या पातेल्यात. शिकारीकडे मी तोवर फक्त हौस म्हणूनच बघत होते.

साहेबी शिधा चॉप बॉक्समध्ये, आणि ती पेटीही एका डोक्याला पेलेल एवढीच. रूझवेल्टने तीत बोस्टनचे बीन्स, कॅलिफोर्नियाचे पीच आणि टोमॅटोचे डबे घालून घेतले होते. पुस्तकांची पेटीसुद्धा एका हमालाच्या मापाची. कातडी टिकवायला चार टन मीठ नेलं, हे ऐकून मी लोणच्यावरून विनोद केला. तुम्ही हसला नाहीत; चार टन भागिले ६० पौंड करायला लावलंत. सव्वाशेहून जास्त ओझी निघाली.

पण खरं ऋण आहे ते तुमच्या आजोबांच्या नैरोबीच्या दुकानाच्या वहीचं. गुजराती अक्षर मला लागेना, तेव्हा सलग तीन रविवार तुम्ही ती वाचून दाखवलीत: कांबळी, मेरिकानी (म्हणजे कोरं अमेरिकन सुती) कापड, चहा, साखर, आणि सगळा हिशोब रुपयांत. तिथे १९२० पर्यंत रुपयाच चालायचा, हे मला कुठे ठाऊक होतं? स्वाहिलीत दुकानाला अजून ‘दुका’ म्हणतात, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. चढणारच.

वही खाकी कागदात नीट गुंडाळून ठेवलीय, रविवारी घेऊन येते. अंकात आता हमालांना अडीच पानं मिळालीत आणि सिंह एका परिच्छेदात आवरलेत. संपादकांनी मुखपृष्ठावर मात्र सिंहच छापलाय, त्याला माझा इलाज नाही.

आपली,
खालच्या मजल्यावरची