विदर्भाला ऊन, आम्हाला ऊस

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शाळेच्या तारखा ठरवताना साखर कारखान्यांच्या तारखाही समोर ठेवण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

शाळा 1 एप्रिलला सुरू करायची की 15 जूनला, यावर 2025 च्या मार्चपासून खूप बोलून झालंय. सीबीएसईची पोरं पुढे जातात, आपली मागे राहतात, म्हणून एप्रिल हवा, असं एक म्हणणं. मे महिन्यात मामाच्या गावाला जायचं कधी, हे दुसरं. शेजारच्या गोव्याने तर त्याच वर्षी 7 एप्रिलला सहावीपासूनचे वर्ग भरवूनही टाकले. या सगळ्या चर्चेत आमच्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या पोरांचा उल्लेख मला कुठे सापडला नाही, म्हणून हे पत्र.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षं मास्तरकी करून 2025 मध्ये निवृत्त झालो. आता कुणाला खुलासा द्यायचा नाही, त्यामुळे जरा मोकळं लिहितो.

आमच्याकडे शाळा वर्षातून दोनदा उघडते. जूनमध्ये उघडते तेव्हा वर्ग भरलेला असतो. दिवाळीनंतर उघडते तेव्हा दोन बाकं भरतील एवढी पोरं येतात आणि तीही एकमेकांकडे बघत बसतात. बाकीची आई-बापाबरोबर उसाच्या फडात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, काही टोळ्या थेट कर्नाटकात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, ताडपत्री, तवा-परात, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर पोरं.

एका वर्षीची गोष्ट सांगतो. चौथीतली एक पोरगी. अक्षर असं, की फळ्यावर सुविचार लिहायला मी तिलाच सांगायचो. सहामाहीचा मराठीचा पेपर झाला. दुसऱ्या दिवशी गणित होतं आणि पहाटेच त्यांची गाडी भरत होती. मी फटफटीवर प्रश्नपत्रिका घेऊन गेलो. ट्रॉलीच्या फळीवर बसून, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन तिने गणितं सोडवली. पाचवं सोडवत असताना ड्रायव्हरने ट्रॅक्टर चालू केला. पेपर तसाच माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गुर्जी, राहिलेली आल्यावर करते." आली एप्रिलमध्ये. उसाच्या पाचटाने दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले, आणि बोलण्यात चार कानडी शब्द. राहिलेली गणितं कोणती, ते तिच्याही लक्षात नव्हतं आणि माझ्याही.

साहेब, गाडी निघायची ती तारीख कुणी ठरवली होती? मुकादमाने नाही, आई-बापाने नाही. कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू करायचा, हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची समिती ठरवते. म्हणजे सरकारच. शाळेचं वेळापत्रक ठरवतं तेही सरकारच. दोन टेबलं, दोन तारखा, आणि मधे आमची पोरं.

या तारखा जरा शेजारी शेजारी मांडून बघा. आमचं पहिलं सत्र दिवाळीला बांधलेलं. दिवाळी तिथीने मागेपुढे होते. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं आणि गाळपाला मुभा 15 ऑक्टोबरपासून. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला, गाळप 1 नोव्हेंबरपासून. या दोन्ही वर्षी सहामाही परीक्षा ऐन गाड्या भरायच्या दिवसांत आली. 2024 मध्ये उलटं झालं. दिवाळी 1 नोव्हेंबरला आणि गाळप 15 तारखेपासून. 2025 मध्येही तसंच, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आणि गाळप 1 नोव्हेंबरपासून. या दोन वर्षी दिवाळीनंतरही पोरं गावातच होती, मोकळी होती, आणि आम्ही शाळेला कुलूप लावून दिवाळीची सुट्टी भोगत होतो. सुट्टी संपवून आलो तर गावाची निम्मी घरं बंद. म्हणजे पोरं असतात तेव्हा शाळा नाही आणि शाळा असते तेव्हा पोरं नाहीत. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, हे मला कळतं. पण मुद्दाम करायचं ठरवलं असतं, तरी याहून चोख जमलं नसतं.

2024 च्या 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. तेव्हा ऊसतोड मजुरांचं मतदान बुडेल म्हणून गाळपाच्या तारखेवर चांगली चर्चा झाली. पोरांचं सत्र बुडतं म्हणून ती तारीख चार दिवस इकडेतिकडे करा, असं गेल्या तीस वर्षांत कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आता एप्रिलबद्दल. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 8 ते 25 एप्रिलदरम्यान घ्या, असं पत्रक आलं आणि आम्ही शिक्षक चिडलो. ऊन केवढं, पेपर तपासायचे कधी, निकाल 1 मेला लावायचा कसा. विरोधाच्या निवेदनावर माझीही सही आहे. ती खोटी नव्हती. पण त्या वर्षी ऊस कमी होता, हंगाम लवकर आटोपला, कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, आणि पोरं गावाला लागली. परीक्षा उशिरा असल्यामुळे त्यांना वर्गात बसायला दोन-तीन आठवडे मिळाले. इतकी वर्षं मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला आमची परीक्षा उरकायची घाई असायची आणि पोरं यायची तोवर आम्ही निकालपत्रकं भरत बसलेलो असायचो. ज्या पत्रकाविरुद्ध मी सही केली, त्याच पत्रकाने माझ्या वर्गातल्या पोरांचं भलं झालं. हे तेव्हा मोठ्याने बोललो नाही. आज बोलतो.

म्हणून मला एप्रिल वाईटच, असं म्हणता येत नाही. 1 एप्रिलला नवी इयत्ता सुरू झाली, तर फडावरून आलेलं पोर एप्रिलपासून ते थेट गाडी भरेपर्यंत एकाच इयत्तेत राहील. मे सोडला तरी सलग पाच महिने एकच पुस्तक. आज त्याचा एप्रिल जुन्या इयत्तेच्या ज्या धड्यांना ते हजरच नव्हतं, त्यांच्या परीक्षेत जातो. पण 1 एप्रिलला नवं वर्ष म्हणजे जुन्या वर्षाची परीक्षा मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये ते पोर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत असतं. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. पाचवीत नापास होऊन मागे राहिलेलं पोर पुढच्या दिवाळीनंतर शाळेचं नाव घेईल का? दहा-अकरा वर्षांचं पोर उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, गोळा करण्यापुरतं मोठं झालेलं असतं.

तेव्हा वर्ष कधी सुरू होतं आणि परीक्षा कधी होते, या दोन गोष्टी आमच्यापुरत्या एकमेकींपासून सोडवा. वर्ष कधीही सुरू करा. परीक्षा मात्र पोर गावात असताना घ्या. निम्मी जाण्याआधी, निम्मी आल्यावर.

एका राज्यात दोन वेळापत्रकं कशी, असं तुमचे अधिकारी म्हणतील. आहेत की. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. जूनमध्ये चंद्रपूर-नागपूरकडे पोरांना वर्गात बसवणं धोक्याचं, म्हणून सरकारने कधीचंच मान्य केलंय. 2025 मध्ये तिथल्या शाळा 23 जूनला उघडल्या, त्याही पहिला आठवडा सकाळच्या. फार शहाणपणाची गोष्ट आहे ती. केरळात तर पावसामुळे जूनच्या शाळा बुडतात म्हणून उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेऐवजी जून-जुलैमध्ये न्यावी का, असा प्रश्न तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी स्वतःच 2025 मध्ये लोकांसमोर ठेवला. उन्हासाठी तारीख बदलते, पावसासाठी बदलायचा विचार होतो. उसासाठी का नाही?

आणि हे सगळ्या राज्यासाठी करायचं नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये आली, तेव्हा सरकारने 41 तालुके निवडले. यादी तयार आहे. तेवढ्या तालुक्यांपुरतं बोलतोय. नंदुरबारकडची जी पोरं गुजरातेत ऊसतोडीला जातात, तीही यात घ्या, नाहीतर ती पुन्हा राहतील.

या तालुक्यांत दिवाळीला सणापुरते चार-पाच दिवस द्या आणि उरलेली सुट्टी टोळ्या गेल्यानंतर द्या. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षाच्या सुट्ट्या 76. मी त्यातली एकही कमी करत नाही, नुसती जागा बदलतो. माझे मास्तर मित्र हे वाचून मला शिव्या घालतील, कारण पुण्या-संभाजीनगरला शिकणारी त्यांची स्वतःची लेकरं वेगळ्या तारखेला सुट्टीवर येतील. अडचण खरी आहे. पण ती आमची आहे, पोरांची नाही. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस सांगतो. आम्ही ते भरतो, कागदावर चोख भरतो. शाळा 200 दिवस उघडी असते. त्या चौथीतल्या पोरीच्या वाट्याला मात्र त्यातले जून ते ऑक्टोबर नव्वद-शंभर आले असतील.

वसतिगृहांबद्दल थोडं. गावातच आजीजवळ राहून शाळेत जेवायचं, ही हंगामी वसतिगृहाची कल्पना चांगली आहे. जिथे वेळेवर चालू झालं, तिथे पोरं राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एका वर्षी आमची मंजुरी हातात पडली, तेव्हा टोळ्या जाऊन पंधरा दिवस झाले होते. मग ज्यांच्यासाठी ते मंजूर झालं, ती पोरं परत कुठून आणायची? आम्ही फोन लावले. एका बापाने विचारलं, "गुर्जी, आता यायला कोण सुट्टी देणार, मुकादम का तुम्ही?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिक्षण हमी कार्डाचंही तेच. कार्ड घेऊन गेलेलं पोर तिकडच्या शाळेत बसेल, ही अपेक्षा. पण टोळी महिन्या-दीड महिन्याला फड बदलते, आणि शाळा गावात असते, कोपी शिवारात.

आणि कोण जाणार, हे आम्हाला आधी कळत नाही असं नाही. पोळ्याच्या आसपास उचल वाटली जाते. मुकादमाच्या वहीत नाव ऑगस्टमध्येच चढतं. आमच्या स्थलांतरित विद्यार्थ्यांच्या याद्या ट्रॉल्या गेल्यावर मागितल्या जातात, ऑनलाइन भरायच्या असतात, आणि तोवर सर्व्हर डाऊन. मुकादमाला जे ऑगस्टमध्ये माहीत असतं, ते शिक्षण खात्याला डिसेंबरमध्ये कळतं.

हंगाम संपायचं तर आणखीच बेभरवशाचं. 2021-22 मध्ये ऊस इतका होता की जून उजाडला तरी मराठवाड्यात फड उभे होते आणि कारखाने चालू होते. 15 जूनला आम्ही नवागतांच्या स्वागताला दारात रांगोळ्या काढत होतो, काही पोरं अजून वाटेवर होती. पुढे 2024-25 मध्ये बहुतेक कारखाने मार्चमध्येच थंड झाले. ज्या वर्षाचा शेवट तीन महिन्यांनी पुढेमागे होतो, त्याची परीक्षा पुण्यातून एका तारखेला ठरवता येत नाही. ती ठरवायचा अधिकार त्या त्या जिल्हा परिषदेला द्या. साखर आयुक्तालयात कुठला कारखाना कधी बंद झाला, याची नोंद असतेच. ती शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला एक फोन पुरे.

माझी मागणी मोठी नाही. गाळपाची तारीख ठरवणाऱ्या मंत्री समितीच्या बैठकीत तुमच्या खात्याची एक खुर्ची असावी. तिथे सहकार असतो, साखर असते, उसाचा दर असतो, साखरेचा उतारा असतो. त्या खुर्चीवरच्या माणसाने एवढंच विचारावं, की त्या आठवड्यात 41 तालुक्यांत सहामाही परीक्षा आहे का, आणि वसतिगृहांच्या मंजुऱ्या निघाल्यात का. निघाल्या नसतील तर तिथेच सही घ्यावी. ही बैठक साधारण दसऱ्याच्या आगेमागे होते, आणि आमच्याकडे दसऱ्याचं सोनं लुटलं की ट्रॅक्टरांचे नट-बोल्ट आवळायला सुरुवात होते.

त्या अर्ध्या राहिलेल्या गणिताच्या पेपरची उत्तरपत्रिका निवृत्त होताना कपाट रिकामं करायला घेतलं तेव्हा सापडली. पहिली चार बरोबर आहेत.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
जिल्हा बीड.